पांढऱ्याची राखण

नवी मुंबईतल्या दिघ्यात कोवळं ऊन फारसं मिळत नाही. पूर्वेला पारसिकचा डोंगर आडवा उभा आहे. सूर्य चांगला वर चढतो तेव्हा कुठे त्याचा उजेड इलठणपाडा, ईश्वरनगर, गणपतीपाड्याच्या वस्तीत उतरतो, आणि उतरतो तो धारदार होऊनच. मग पत्रे तापतात, निळ्या ताडपत्र्या चमकायला लागतात, एमआयडीसीतल्या शेडांची छपरं डोळ्यांत खुपतात. गल्ल्या मात्र इतक्या चिंचोळ्या की भर दुपारीही घरात दिवा लावावा लागतो. डोळे दिपवणारं पांढरं आणि मिट्ट काळं, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. छायाचित्रणाची पुस्तकं ज्याला वाईट उजेड म्हणतात तो आमचा रोजचा उजेड आहे. मी याच उजेडात वाढले आणि याच उजेडात काम करते. लग्नांचं रंगीत काम पोटासाठी, कारखान्यांचं काम अधूनमधून. पण स्वतःसाठी म्हणून जे करते ते कृष्णधवलच.

मी शिकले ती फिल्मवर. ठाण्यातल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी हाताखाली होते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल तेव्हा मिळायचे. डी-76 चं डेव्हलपर, हायपोचा तो आंबूस वास, तारेवर चिमट्याला लटकवलेल्या निगेटिव्ह. स्टुडिओचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगायचे: एक्स्पोजर सावलीला दे, हायलाइटचं डेव्हलपिंगमध्ये बघू. हा मंत्र काकांचा एकट्याचा नव्हता. अमेरिकेत अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1939-40 च्या सुमाराला याच विचाराची ‘झोन सिस्टिम’ बांधली. काळ्याकुट्टापासून कागदाच्या कोऱ्या पांढऱ्यापर्यंतचा प्रवास त्यांनी शून्य ते दहा अशा पायऱ्यांमध्ये मांडला आणि दृश्यातली कुठली गोष्ट कुठल्या पायरीवर बसवायची हे फोटो काढण्याआधीच ठरवायला शिकवलं.

निगेटिव्हमध्ये हे बरोबरच होतं. सावलीतून उजेड पुरेसा आला नाही तर फिल्मवर तिथे काहीच उमटत नाही, ती जागा काचेसारखी स्वच्छ राहते, आणि स्वच्छ फिल्ममधून कुणी काही छापू शकत नाही. उलट हायलाइटची जागा घट्ट होते, काळी होते, तरी चांदीचे कण तिथे असतात. एन्लार्जरखाली त्या जागेला हाताच्या आडोशाने जास्तीचा उजेड दिला की आकाशातले ढग किंवा नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या ब्रोमाइडवर हळूहळू येत. फिल्म वरच्या टोकाला सैल होती. जास्त उजेड आला तर ती त्याला दाटीवाटीने का होईना जागा करून द्यायची.

डिजिटल आलं आणि हे गणित उलटं झालं. सेन्सरवरच्या प्रत्येक बारीक घराला उजेड साठवण्याची एक मर्यादा असते. गल्लीतल्या नळाखाली हंडा भरला की वरून वाहून गेलेलं पाणी किती होतं हे हंड्याकडे बघून सांगता येत नाही, तसंच इथे होतं. घर भरलं की पुढचा सगळा उजेड एकाच आकड्याने नोंदला जातो. पांढऱ्या सुती कापडाची वीण, कपाळावरचा घाम आणि मागचं आकाश, तिघांनाही तोच आकडा. मग संगणकावर कितीही ओढाताण करा, सपाट पांढऱ्याचा सपाट करडा होतो. आमच्यात म्हणतात ‘कपडा उडाला’. उडालेला कपडा परत येत नाही.

सावलीचं तसं नसतं. तिथे थोडं का होईना, काही तरी नोंदलेलं असतं. सेन्सर सरळ हिशोबाचा आहे: उजेड दुप्पट झाला की आकडा दुप्पट. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये एकूण 16,384 पायऱ्या असतात, त्यातल्या अर्ध्या, म्हणजे 8,192, सगळ्यात वरच्या एका स्टॉपमध्येच, म्हणजे उजेडाच्या शेवटच्या दुपटीतच, खर्च होतात. त्याखालच्या स्टॉपला 4,096, त्याखाली 2,048, असं निम्म्या-निम्म्याने उतरत जातं. म्हणून अंधाऱ्या भागात पायऱ्या कमी आणि नॉइज जास्त. तरीही चेहरा ओळखू येतो, साडीचा काठ दिसतो, चुलीमागची भिंत भिंत म्हणून कळते. हायलाइट सांभाळून घेतलेल्या फाइलमध्ये सावली उचलता येते, आणि त्याची किंमत म्हणजे दाणे. कृष्णधवलमध्ये ही किंमत मला कमी वाटते. रंगीत फोटोत सावली उचलली की हिरवे-जांभळे डाग येतात, कातडी रोगट दिसते. रंग काढून टाकल्यावर तेच दाणे फिल्मच्या ग्रेनजवळ जातात. शिवाय रंगीत फोटोतला उडालेला भाग आजूबाजूच्या रंगांत थोडा तरी लपतो. कृष्णधवलमध्ये पांढरं म्हणजे नुसता कागद, त्याला लपायला जागाच नसते. म्हणून मी म्हणते की डिजिटलवर कृष्णधवल करायचं तर आधी पांढरं राखा.

इथे बरेच जण थांबतात. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघायचा, उजव्या भिंतीला टेकला की अंडर करायचं, झालं. माझ्या मते खरा विचार इथून पुढे सुरू होतो, कारण फ्रेममधलं सगळंच पांढरं राखण्याच्या लायकीचं नसतं.

एमआयडीसीतल्या एका ओतशाळेत मी कामगारांचे फोटो काढत होते. दिघा-कळवा पट्ट्यात पोलादाचं काम जुनं आहे. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहिले, त्यातूनच हा सगळा भाग वसला. भट्टी उघडली की वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये पडतं, आणि त्या धारेसमोर कॅमेऱ्याचा मीटर गडबडून जातो. धारेतले तपशील टिकवायचे म्हटलं तर बाकी सगळी शेड काळी शाई होते. आणि वितळलेल्या लोखंडात तपशील असतो तरी कसला? ते स्वतःच उजेड आहे, ते पांढरंच दिसलं पाहिजे. त्याला मी जाऊ देते. मी मीटर धरते तो समोर उभ्या माणसाच्या अ‍ॅप्रनवर, जिथे भट्टीचा उजेड पडलेला असतो. जाड कापडावर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं, घामाचे सुकलेले मिठाचे ओघळ, हातमोज्यांच्या शिवणीवरची चमक. त्या माणसाची रोजची पाळी तिथे लिहिलेली असते. स्पॉट मीटर तिथे लावते, मीटर सांगेल त्याच्या दोन-अडीच स्टॉप वर ती जागा बसवते आणि मॅन्युअलवर कुलूप लावते. नंतर भट्टी उघडो की बंद होवो, मी आकडे हलवत नाही.

हे दोन-अडीच स्टॉप कुठून येतात ते सांगायला हवं. मीटरला पांढरं-काळं कळत नाही. तो ज्याच्याकडे बघतो ते मधलं करडं आहे असं धरून चालतो. पांढऱ्या कापडाकडे बघून त्याने सांगितलेलं एक्स्पोजर दिलं तर कापड राखाडी येतं. म्हणून त्याला मुद्दाम वर ढकलायचं, पण वीण सुटणार नाही इतकंच. प्रत्येक कॅमेऱ्यात वरची हद्द वेगळी असते. आयएसओवर तर विशेष लक्ष ठेवावं लागतं, कारण तो वाढवला की हायलाइटची जागा आखडते. काही कॅमेऱ्यांत आता हायलाइटला महत्त्व देणारं मीटरिंग आलंय. 2014 साली निकॉनच्या डी810 मध्ये ते आलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मी ते वापरतेही, लग्नाच्या घाईत तर नक्कीच. पण त्या यंत्रालाही भट्टीची धार आणि कामगाराचा अ‍ॅप्रन यांतलं कुठलं पांढरं माझं आहे हे ठरवता येत नाही.

पडद्यावरच्या हिस्टोग्रामबद्दल एक सावधगिरी. तुम्ही रॉ काढत असलात तरी पडद्यावर दिसतो तो जेपीईजीचा आलेख. कॅमेऱ्याने स्वतःचा कॉन्ट्रास्ट घातलेला असतो, त्यामुळे तो बहुधा थोडा आधीच ओरडतो. पिक्चर स्टाइल मोनोक्रोमवर ठेवली तर आणखी एक अडचण. लाल, हिरवा, निळा एकत्र मिसळून एकच करडा आलेख दिसतो आणि त्यांतला एखादा रंग आत वाहून गेला असला तरी कळत नाही. बहुतेक सेन्सरवर बेयर पद्धतीची रंगीत चाळणी असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या नावावर तिचं 1976 चं पेटंट आहे. निम्म्या घरांवर हिरवी, पावभर लाल, पावभर निळी अशी तिची मांडणी. नारिंगी कापडाच्या मांडवाखाली, हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात, लाल आधी भरतो. हिरवा अजून शाबूत असतो. कृष्णधवल करणाऱ्याला हे वरदान आहे. रंग बरोबर येण्याची काळजी नाही, त्यामुळे लाल गेला तरी हिरव्यावर उभं राहून गालाची गोलाई परत बांधता येते. लायकाने 2012 मध्ये ‘एम मोनोक्रोम’ काढला त्यात ही चाळणीच नाही. त्यामुळे त्याच्या फाइलची धार वेगळीच आहे आणि सावल्या फार स्वच्छ येतात. पण तिथे दुसऱ्या रंगाचा आधार नाही. वर गेलं की सगळं एकदम गेलं. तो कॅमेरा माझ्या धंद्याला परवडणारा नाही, तरी त्याचा धडा मी रंगीत सेन्सरवरही पाळते.

रंगांचा हा खेळ ऐरोलीच्या खाडीवर फार स्पष्ट कळतो. दिघ्याहून पुढचं स्टेशन ऐरोली. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला. ओहोटीच्या वेळी गडद चिखलावर हजारो पक्षी फिकट उभे असतात. मीटर चिखल बघतो, एक्स्पोजर वाढवतो आणि पिसं उडतात. मीटर सांभाळला तरी दुसरा धोका घरी संगणकावर असतो. पक्षी गुलाबी, म्हणजे लाल जास्त. कृष्णधवल करताना पक्षी उठून दिसावेत म्हणून लाल स्लायडर वर ओढला की पिसांच्या थरांतला फरक जातो आणि चिखलावर पांढरी कात्रणं चिकटवल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्यात राखलेलं टेबलावर घालवलं जातं. याच्या उलट आमच्या निळ्या ताडपत्र्या. पावसाळ्यात अख्ख्या वस्तीवर त्या अंथरलेल्या असतात. निळा खाली ओढून त्या काळ्या करण्याचा मोह होतो, पण त्या ओढण्यात आभाळाचा मऊपणा जाऊन दाणे आणि पट्टे येतात. मी निळ्याला फारसा हात लावत नाही.

जुन्या फोटोंतली कोरी आभाळं याच रंगाच्या गणितातून आलेली आहेत. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा रंग सगळ्यात आधी दिसायचा, त्यामुळे जमिनीला पुरेल इतका वेळ दिला की आकाश हमखास वाहून जायचं. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने 1850 च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी अशा दोन जोडून छापल्या. हायलाइट राखण्याची धडपड इतकी जुनी आहे. जुन्या मुंबईच्या फोटोंत आभाळ कोरं दिसलं की मी त्या माणसांना दोष देत नाही. त्यांनी माणसं आणि इमारती वाचवल्या.

कुणाला वाचवायचं हा प्रश्न मला रोज पडतो तो आमच्या घरांच्या दारात. दहा बाय दहाची खोली, एकच दार, खिडकी असली तर शेजारच्या भिंतीकडे तोंड केलेली. बाहेरचं ऊन आणि आतला ओटा यांत आठ-नऊ स्टॉपचा फरक सहज असतो. आठ स्टॉप म्हणजे 256 पट, नऊ म्हणजे 512 पट. बाई ओट्यापाशी भाकरी थापते आहे आणि मागे दार उघडं आहे, असं दृश्य असलं तर दार उडू द्यावं असं बहुतेक जण सांगतील. मी आधी दारात काय आहे ते बघते. बाहेर नुसती भिंत असेल तर जाऊ देते. पण दारात पाण्याची पिंपं रांगेने ठेवलेली असतात, उंबऱ्यावर पोर अभ्यासाला बसलेलं असतं. तो त्या बाईच्या संसाराचाच भाग आहे. तेव्हा मी दार राखते आणि आतल्या अंधारातून चेहरा काढते. कधी दारावर घरातलीच पांढरी चादर अर्धी सोडायला सांगते, म्हणजे ऊन गाळून येतं आणि फरक दोन-तीन स्टॉपनी कमी होतो. कधी ताईंना ओट्यापासून दोन हात पुढे, दाराच्या बाजूला सरकायला सांगते. एवढ्याने काम झालं तर संगणकावरची अर्धी मारामारी वाचते. फ्लॅश मी घरात वापरत नाही. त्या घरात राहणारी माणसं ज्या उजेडात जगतात तो पुसून माझा उजेड त्यांच्यावर टाकायचा, हे मला पटत नाही.

इथल्या आगरी घरांच्या हळदीला अजूनही कुठे कुठे धवलारीण येते. लग्नातल्या प्रत्येक विधीची गाणी तिला तोंडपाठ. एका हळदीत डीजेचा आवाज थांबवून तिला बोलावलं. वय झालेलं, पांढरेशुभ्र केस मागे घट्ट बांधलेले, आणि डोक्यावर मांडवाच्या एलईडी माळा. असा उजेड फोटोसाठी क्रूर असतो. चेहरा सावळा, सुरकुत्यांचा, डोळे खोल, केस मात्र आरशासारखे चमकणारे. चेहऱ्याला पुरेल इतकं एक्स्पोजर दिलं असतं तर केसांचा पांढरा गोळा झाला असता. मी केसांवर मोजलं. तिच्या डोक्यावरचा केस न् केस वेगळा दिसला पाहिजे, एवढंच तेव्हा मनात होतं. चेहरा पडद्यावर जवळजवळ काळा दिसत होता. शेजारी उभी असलेली नवरीची मावशी डोकावून म्हणाली, “बाय, हा तर काळा आला.” घरी तो दीड स्टॉप उचलला. दाणे आले, पण कपाळावरची प्रत्येक रेघ आली, ओठ गाताना जसे उघडले होते तसे आले, आणि वर ते केस, एकेक वेगळा. तो प्रिंट त्यांच्या घरात देवघराशेजारी लावलाय.

“काळा आला” हे वाक्य मी धंद्यात सतत ऐकते. त्याच्यामागून लगेच दुसरं येतं: “थोडं उजळ करा.” या मागणीशी माझं भांडण आहे. आमच्याकडची माणसं उन्हात, भट्टीपुढे, खाडीच्या वाऱ्यात काम करणारी. त्यांचे चेहरे सावळे आहेत, आणि सावळ्या चेहऱ्याचा सगळा घाट त्याच्या हायलाइटमध्ये असतो. गालाच्या हाडावरची चमक, नाकाच्या शेंड्यावरचा उजेडाचा ठिपका, कपाळाचा उतार. चेहरा उजळ करायच्या नादात एक्स्पोजर वाढवलं की आधी मरतो तो हाच उजेड. मग उरतो तो सपाट, फिका, कुणाचाही असू शकेल असा चेहरा. सावळं सावळं ठेवावं आणि त्याच्यावरचा उजेड जपावा, इतकं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावते. पटतंच असं नाही. पण प्रिंट हातात दिल्यावर परत करणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

याबाबतीत मी सुधारक ओलवे यांच्या कामाकडे पुनःपुन्हा जाते. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी केलेली कृष्णधवल छायाचित्रं मराठी माणसाने एकदा तरी नीट बघावीत. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गटारातून वर येणाऱ्या माणसाच्या ओल्या अंगावरचा उजेड त्या चित्रांत जसा जपलेला आहे, त्याने तुम्हाला मान फिरवता येत नाही. नुसतं काळंपांढरं केलं की दुःख खोल दिसतं असा एक समज आहे. तो खोटा आहे. खोली येते ती उजेडाच्या शेवटच्या पायरीपर्यंत माणूस दिसत राहतो म्हणून.

2015 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिघ्यातल्या अनधिकृत इमारतींवर कारवाई सुरू झाली. न्याय-अन्यायाचा तो वाद मोठा आहे, घर विकत घेणाऱ्याला कागद कळत नव्हते आणि विकणारे निघून गेले होते. इथे मी त्या कारवाईतल्या एका दुपारबद्दल सांगते. एका कुटुंबाने सामान रस्त्याच्या कडेला काढून ठेवलं होतं. गाद्या, दिवाण, टीव्ही चादरीत गुंडाळलेला, आणि सगळ्यात वर स्टीलची भांडी: हंडे, कळशा, डबे, परात. डोक्यावर ऊन. भांडी अशी तळपत होती की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेजारी घरातली बाई गोणपाटावर बसलेली, तिच्यावर गादीची सावली पडलेली. मीटर आपोआपवर सोडला असता तर त्याने बाईला बरोबर दाखवलं असतं आणि भांड्यांचा पांढरा ढीग केला असता.

मी जवळ गेले, तेव्हा मोठ्या हंड्याच्या गळ्याखाली कोरलेली अक्षरं दिसली. आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. दुकानदार तिथल्या तिथे ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून देतो. तिच्या माहेरचं आडनाव, लग्नाची तारीख, आणि ‘सप्रेम भेट’. मी स्पॉट मीटर त्या अक्षरांच्या शेजारच्या स्टीलवर लावला. सूर्याचा थेट ठिपका जिथे होता ती जागा सोडली, ती कुठल्याही कॅमेऱ्यात राहणार नव्हती. रुंद चमक होती ती धरली आणि मीटरच्या दोनच स्टॉप वर बसवली, त्याहून जास्त नाही. स्टीलवरचे ठिपके फार उथळ असतात, अर्धा स्टॉप जास्त झाला तरी ते बुजतात. ती बाई फ्रेममध्ये पार अंधारात गेली. तिला विचारून मी तसाच फोटो काढला. नंतर रॉमधून तिला जेवढं आणता आलं तेवढं आणलं. चेहऱ्यावर दाणे आहेत, डावा हात पदरात जवळजवळ हरवलाय. पण हंड्यावरचं नाव वाचता येतं, तारीख वाचता येते. ज्या घराचा कुठलाच कागद टिकला नाही, त्या घरात एका बाईचा संसार होता आणि तो केव्हा सुरू झाला, एवढं त्या फोटोत टिकलं. तो फोटो मी कुणाला विकला नाही. तिला दोन प्रती दिल्या.

त्यानंतर इथे बरंच बदललं. 12 जानेवारी 2024 ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं, त्याआधी लोकल पकडायला ठाणे किंवा ऐरोली गाठावी लागायची. आता सकाळी पाळीला जाणाऱ्या बायका डबे घेऊन स्टेशनच्या दिशेने जाताना दिसतात. रेल्वेच्या हद्दीत कॅमेरा चालवायला परवानगी लागते, म्हणून मी बाहेरच्या रस्त्यावर उभी राहते. संध्याकाळी मात्र इथे वेगळंच घडतं. सकाळी डोंगराने अडवलेलं ऊन संध्याकाळी खाडीवरून मोकळं, आडवं येतं आणि कामावरून परतणाऱ्या माणसांच्या तोंडावर पडतं. फरक आठ-नऊ स्टॉपवरून चार-पाचवर येतो. अशा वेळी फार हिशोब लागत नाही. तरी सवयीने माझा मीटर आधी पांढऱ्यावर जातो: कुणाच्या गणवेशाची कॉलर, कुणाच्या डब्याचं झाकण, एखाद्या आजोबांची टोपी.

नव्याने कृष्णधवल करणारी मुलं-मुली मला विचारतात, कुठला कॅमेरा घेऊ, कुठला प्रीसेट वापरू. त्यांना मी आधी एक काम सांगते, तुम्हालाही सांगते. घरातला धुतलेला पांढरा सुती पंचा दुपारच्या उन्हात दोरीवर घाला. कॅमेरा रॉवर आणि सगळ्यात कमी मूळ आयएसओवर ठेवा, स्पॉट मीटर पंच्यावर लावा, मीटर सांगेल तिथून सुरुवात करा आणि एकेक तृतीयांश स्टॉप वाढवत फोटो काढत जा. मग मोठ्या पडद्यावर प्रत्येक फाइल उघडून धागे शोधा. ज्या पायरीवर धागे गेले तिच्या आधीची पायरी ही तुमच्या कॅमेऱ्याची हद्द. ती वहीत लिहून ठेवा. कॅमेरा बदलला की चाचणी पुन्हा करा, कारण जुन्या कॅमेऱ्याची हद्द नव्याला लागू होत नाही.